आर्लिसच्या उशीवरचा थेंब

थेंब पडायचा तो नेमका आर्लिसच्या उशीवर. डेल्मरच्या उशीवर पडला असता तर त्याने कूस बदलली असती आणि विषय तिथेच मिटला असता. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळ्यात पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, क्वचित आणि थोडा वेळ, पण आला की आर्लिसच्या कपाळाला भेटल्याशिवाय जात नसे. परवाच्या पावसात ती दचकून उठली, तिने स्वतः बसवलेला उशावरचा वाचायचा दिवा लावला, तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "आता आणखी एक थेंब पडू दे, डेल्मर. हा ट्रेलर विकायचा आणि माझ्या बहिणीच्या तळघरात जाऊन राहायचं."

बहीण दूर उत्तरेला, डुलुथला राहायची. तिथे हिवाळ्यात मिशीवर बर्फ धरतो. बर्फाचं एक वेळ डेल्मरने सोसलं असतं, पण बहिणीचा नवरा सकाळी उठल्यापासून ॲकॉर्डियन वाजवायचा. त्यातून सुटायलाच तर डेल्मर हौगनने निवृत्तीनंतर हे फिरतं घर घेतलं होतं, आणि दर हिवाळ्यात ते ओढत तो उन्हाकडे पळत होता. तेव्हा प्रश्न छपराचा नव्हता, उरलेल्या आयुष्याचा होता.

डेल्मरने नोकरीत लोकांच्या घरामागे जाऊन गॅसचे मीटर वाचले होते. झुडपात डोकं घालून बघायची सवय त्याला तिथेच लागली. पाणी थांबवण्याइतकीच त्याला ते येतं कुठून याची उत्सुकता होती. ट्रेलरच्या रबरी छपराची गंमत अशी की पाणी शिरतं एका टोकाला आणि आतल्या आत सरपटत टपकतं दुसऱ्याच ठिकाणी. त्यामुळे थेंबाच्या बरोबर वर कोणी बघत नाही. बघितलं तर अडाणी ठरतो.

त्याने शिडी लावली मात्र, खाली घडीच्या खुर्च्या जमल्या. थंडीतून पळून आलेल्या ट्रेलरवाल्यांच्या त्या वस्तीत ही रीतच होती. कुणीही छपरावर चढला की शेजारी आपापली खुर्ची आणि कॉफीचा मग घेऊन येत आणि नाटकाला बसावं तसे ओळीने बसत. हात लावायला कोणी उठत नसे, मतं मात्र सगळे सढळ हाताने देत. पुढच्या रांगेत नॉर्थ डकोटाचा रोली ट्वीट आणि त्याच्या शेजारी मॅनिटोबाची विल्मा फ्रीसन, गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण अडकवून.

डेल्मरने आधी छप्पर साबणाने घासलं. मग हवेचे झरोके, नळ्यांची तोंडं, कडेच्या पट्ट्या, जिथे जिथे म्हणून सांधा होता तिथे सीलंट भरलं. हे सीलंट आपोआप पसरून सपाट होणारं होतं. ते सपाटीवरच वापरायचं असतं, उतारावर नाही, असं त्याच्या नळकांड्यावर लिहिलेलं होतं. पण नळकांडं वाचायचं म्हणजे स्वतःच्या अकलेवर अविश्वास दाखवायचा. ट्रेलरच्या तोंडाशी छप्पर खाली उतरत जातं. तिथलं सीलंट आपल्या स्वभावाला जागलं आणि पसरत पसरत पुढच्या खिडकीवर येऊन वाळलं. आर्लिसला बिछान्यातून सकाळी डोंगर दिसायचा, तो गेला. तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. तो ओढल्याचा आवाज डेल्मरला छपरावरही चांगलाच ऐकू आला.

"तू भोक शोधतच नाहीयेस," रोली खुर्चीतून म्हणाला. "नुसता मलम चोपडतोयस. अरे, सायकलच्या ट्यूबचं काय करतात? हवा भरतात."

हे डेल्मरला एकदम पटलं, कारण त्यात बघण्यासारखं काहीतरी होतं. बेत ठरला. दारं-खिडक्या बंद करायच्या, स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या झरोक्याला पुठ्ठा चिकटवून त्यातून पानं उडवायच्या ब्लोअरचं तोंड आत सोडायचं आणि छपरावर साबणाचं पाणी ओतायचं. हवा जिथून बाहेर निघेल तिथे बुडबुडा येईल. रोलीने ब्लोअर दिला. आर्लिस संध्याकाळच्या सामुदायिक जेवणासाठी लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटायला वस्तीच्या सभागृहात गेली होती, त्यामुळे आडकाठी करणारं घरात कोणी नव्हतं.

म्हणजे असं डेल्मर समजत होता. सभागृहातली शेगडी आधीच कुणीतरी अडवलेली, म्हणून आर्लिस उकडलेला बटाटा आणि पिठाचा डबा घेऊन परत आली. डेल्मर छपरावर पाठमोरा पुठ्ठ्याशी झटापट करत होता, तेवढ्यात ती सगळ्या खुर्च्यांसमोरून आत गेली, दार लावलं आणि ओट्यावर पीठ पसरून लाटायला लागली. वर खुडबुड चालली होती, पण ती काय, आठवडाभर चालूच होती. बाकी सगळ्यांनी तिला आत जाताना पाहिलं. नवऱ्याला माहीत असेल, असं प्रत्येकाला वाटलं.

डेल्मरने ब्लोअर चालू केला.

आतून आरोळी ऐकू आली असती, पण ब्लोअरच्या आवाजात ती विरून गेली. खिडक्या आतून पांढऱ्या झाल्या एवढंच खाली दिसलं, आणि रोलीने त्याचा अर्थ हवा चांगली भरतेय असा लावला. मग दार उघडलं. पायरीवर आर्लिस उभी राहिली, केसांपासून सपातांपर्यंत पांढरी, हातात लाटणं. कॉफीचे मग जिथल्या तिथे थांबले. डेल्मरने ब्लोअर बंद केला.

"डेल्मर," ती म्हणाली, "खाली ये."

डुलुथचं तळघर डेल्मरच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ॲकॉर्डियनही ऐकू यायला लागलं. त्याने शिडीवर पाय टाकला, तोच विल्मा दुर्बीण डोळ्याला लावून म्हणाली, "थांब जरा. पुढच्या उतारावर काहीतरी पांढरं आलंय."

डेल्मर रांगत गेला. कुठल्याही सांध्यापासून लांब, साबणाच्या पाण्यात, कणकेचा इवलासा फोड उठला होता. आतलं पीठ हवेबरोबर बाहेर आलं होतं. त्याने बोटाने तो पुसला आणि बोटाला टोचलं. रबरातून स्क्रूचं टोक वर डोकावत होतं. छपराला भोक पडलं होतं, पण वरून नाही, खालून.

तो उतरला, आर्लिसच्या बाजूने आत गेला आणि बिछान्यापाशी उभा राहिला. उशीच्या बरोबर वर, छत सर्वांत पातळ होतं तिथे, तो वाचायचा दिवा होता. मागोमाग आर्लिस आली. दोघंही वर बघत राहिली.

"स्क्रू कुठला घेतलास?" त्याने विचारलं.

"डब्यातला सगळ्यात लांब," ती म्हणाली. "पक्का बसावा म्हणून." मग डोळ्यांवरचं पीठ पुसून म्हणाली, "दोन हिवाळे तुला सांगत होते, दिवा बसवून दे, दिवा बसवून दे."

डेल्मरला हसू येत होतं, पण लाटणं अजून तिच्या हातात होतं.

"बाहेर काय सांगणार आहेस?" तिने हळूच विचारलं.

डेल्मर बाहेर आला तेव्हा खुर्च्या चांगल्या हातभर पुढे सरकल्या होत्या. आयुष्यात त्याने सापडलेली गोष्ट कधी पोटात ठेवली नव्हती, आणि आता ती ठेवताना त्याला खरोखर दुखत होतं. "सापडलं," तो म्हणाला. "बुजवून टाकतो."

"पण होतं काय?" रोलीने विचारलं.

"सापडलं म्हटलं ना."

त्या हिवाळ्यात वस्तीला दुसरा विषय उरला नाही. विल्मा म्हणायची सुतारपक्षी, कुणी म्हणायचं गारा. रोलीला तर अन्न गोड लागेना. त्याने आपल्या ट्रेलरवर शिडी लावली, त्याचं बघून आणखी दोघांनी. ब्लोअर या छपरावरून त्या छपरावर फिरत राहिला. पुढचा पाऊस आला तेव्हा डेल्मर आणि आर्लिस जागेच राहून छताकडे बघत होते. थेंब पडला नाही. दिवाही पडला नाही, आता त्याला डब्यातला सगळ्यात आखूड स्क्रू होता. तळघराचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. डोंगर झाकणारं खिडकीवरचं सीलंटही तिने एका दुपारी स्वतःच खरवडून काढलं.

शेवटी न राहवून रोली एकदा डेल्मर घरात नाही असं पाहून दाराशी आला. "आर्लिस, तुला तरी ठाऊक असेल. काय निघालं होतं त्या छपरात?"

आर्लिसने त्याच्या हातावर गरम लेफ्सा ठेवला.

"डेल्मरलाच विचार बाबा," ती म्हणाली. "छपरातलं मला काय कळतंय?"