दत्तूला जाझमध्ये एम. ए. व्हायचंय

रत्नागिरीच्या अख्ख्या मांडवीत चुकीच्या जागी टाळी वाजवणारा माणूस एकच, आमचा शेजारी दत्तू शिवलकर. भजनात सगळ्यांचे हात समेवर पडायचे, आणि सगळे गप्प झाले की मागून ह्याची एकट्याची टाळी, फाट्! बुवांचा अभंग तिथंच अडखळायचा. मी मंडळाचा पेटीवाला, माझं डोकं भणभणायचं.

"अरे मेल्या, सम कळत नाय तुला?"

"कळते ना, अण्णा! म्हणून तर सोडतो. दोन टाळ्यांच्या मधे जागा असते, तिथंच तर मजा आहे!"

हे त्याचं पालुपद. आमटीत मीठ विसरलं, तिथंच मजा. साहेबाने झापलं, तिथंच मजा. कचेरीत हा टाइप करायला बसला की त्या ठेक्यावर आजूबाजूचे कारकून माना हलवायला लागत, आणि मग साहेब सगळ्यांनाच झापत.

वेड आलं बापाकडून. बापूस बोटीवर खलाशी. दत्तू लहान असताना शेवटचा घरी आला तो सॅक्सोफोन घेऊन, आणि पुढच्या सफरीत अमेरिकेला उतरला तो परत आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. पोरगा मुंबईला बी. ए. करताना एका गोवेकर बँडमास्तरकडे तो बाजा शिकला. मग नोकरीला परत रत्नागिरीत, आणि एक दिवस माझ्या पडवीत धावतच आला.

"अण्णा, घेतलंनी मला! अमेरिकेच्या कॉलेजात! जाझमध्ये एम. ए.! वाजवायचं पण आणि स्वतः रचायचं पण! जाण्याराहण्याचं सगळं तेच बघणार!"

"बाजा वाजवून एम. ए.? मग आपला हसन ताशेवाला प्रिन्सिपॉल व्हायला हवा!"

"आहेच तो प्रिन्सिपॉल!" असं म्हणून मला कडकडून मिठी मारलीन. कशाला खोटं बोलू, मी पण हरखलो. आमच्या आळीतून कोणी जवळच्या लांज्याला गेला तरी आम्ही पोचवायला जातो, हा तर अमेरिकेला निघाला होता!

अडलं एकाच ठिकाणी. त्याची आई, सरूकाकी. "ह्या घरातला एक माणूस अमेरिकेने गिळलान. दुसरा नाय मिळायचा," एवढं म्हणून तिने चुलीकडे तोंड फिरवलंन. नवरा गेल्यापासून त्याचं नाव म्हणून तिने काढलं नव्हतं. आणि तिने हो म्हटल्याशिवाय दत्तू बोटीत पाय ठेवणार नव्हता.

तर ह्या शहाण्याने काय करावं? आईला ऐकवायला एक रचना केलीन! साथीला हसनचा ताशा आणि माझी पेटी.

"जाझ म्हणजे आपली भजनातली बारीच हो, अण्णा. आधी सगळे एकत्र, मग एकेकाची पाळी. ज्याची बारी त्याने मनातलं काढायचं, बाकीच्यांनी खालून सांभाळायचं."

तालमी त्याच्या पोफळीच्या बागेत. हा आपला सारखा ओरडतोय, "अण्णा, सोडा! मोकळं सोडा!"

"काय सोडू? धोतर?"

हसन हसून आडवा. पण एका तालमीला माझी बोटं अशी काही सुटली म्हणता! घरी येऊन बायकोला सांगितलं, मी पण एम. ए. करतो. म्हणाली, आधी विहिरीवरून पाणी आणा.

रविवारी सकाळी अंगणात बसलो. काकी ओटीवर तांदूळ निवडत होती, आमच्याकडे पाठ करून. सुरुवात झाली. हसनची बारी झाली तशी अंगणाच्या दगडी गडग्यावर माणसं चढून बसली. माझी झाली, मी घामाघूम! आणि दत्तूने बाजा खाली केलान.

"आई, आता तुझी बारी!"

हे तालमीत नव्हतं. आम्ही एकमेकांची तोंडं बघतोय, तर म्हणतो, "थांबू नका, खालून सांभाळा!"

काकी ताडकन उठली. "चार माणसांत आईची थट्टा करतोस, मेल्या? माझी बारी? ऐक तर!" आणि सुटली की हो! "बापूस आला तो पितळेची नळी घेऊन! पोराला पायात चप्पल नाय, नळी! पावसाच्या आधी कौलं कोणी परतली? मी! तुला देवी आल्या तेव्हा उशाशी कोण बसलं? मी!"

तिच्या प्रत्येक 'मी'वर हसनची काडी पडत होती. गडग्यावरची माणसं हसत होती, मी पण हसत होतो.

"आणि तो गेला तेव्हा..." काकीचा आवाज उतरला. हसनने काड्या ठेवल्यान आणि ताशा बोटांनी वाजवायला लागला. "तेव्हा मी काय बोलले नाय. परत ये म्हटलं नाय. म्हटलं, येणारच आहे, त्यात काय सांगायचं."

हसणं थांबलं. मी एक सूर धरून भाता हलवत राहिलो.

काकीने दत्तूकडे पाहिलंन. "तुला सांगते. जा. आणि परत ये. ऐकलंस? परत ये."

आता बारी दत्तूची. त्याने बाजा तोंडाला लावलान, पण फुंक येईना. ओठ चावत तसाच उभा राहिला. बाप गेला तेव्हा 'परत ये' हे दोन शब्द त्या एवढ्याशा पोराला तरी कुठं सुचले असणार!

मग मी आणि हसनने त्याची बारी वाजवून काढली.