दिघेकाकांचं रक्त

दिघेकाकांकडे गेलं की चहाच्या आधी बोट पुढे करावं लागायचं. डाव्या हाताची अनामिका. "चिंता नको करू बेटा, सुई नवीन आहे," असं म्हणेपर्यंत टोचूनही झालेलं असायचं. मग तो थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि काका मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचे. चहा थंड.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, माधव नगरात, ते आमच्या शेजारी राहतात. उभा जन्म सरकारी दवाखान्यात रक्त तपासण्यात गेला. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी शाल नाकारली आणि भंगारात निघालेला मायक्रोस्कोप मागून घेतला. माणसांची ओळखही ते त्यातूनच ठेवतात. "शर्माजींचे सेल एकदम गोल आहेत. आदमी मात्र टेढा."

काकूंच्या वर्षश्राद्धाला राम घाटावरून गुरुजी आले, तर काकांनी आधी त्यांचं बोट धरलं. डावा हात होता म्हणून श्राद्ध निभावलं. गुरुजी पुढच्या वर्षी आले नाहीत. हळूहळू बाकीचेही येईनासे झाले. हौसेने बोट टोचून घ्यायला कोण जाणार? मी जायचे, पण मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. शिवाय मला नाही म्हणता येत नाही.

काकांना काचबिंदू आहे. त्यांचे वडील त्यानेच आंधळे झाले. मध्यंतरी काकांच्या वाचण्यात आलं की काचबिंदूच्या काही रोग्यांच्या तांबड्या पेशीही बदलतात, लहानमोठ्या होतात, कडक पडतात. डॉक्टर म्हणाले, "अभ्यास चालू आहेत, पण आजार डोळ्यातच बघायचा असतो, रक्तात नाही." काकांना ते पटलं नाही. चाळीस वर्षं ज्याने रक्त पाहिलं, त्याला डोळ्यांचा डॉक्टर काय शिकवणार! ते रोज स्वतःचंच बोट टोचायला लागले. "बघ, एक छोटं, एक मोठं. नानाखेड्याच्या बस स्टँडवर उतरणारी सवारी जशी!"

पुढे म्हणायला लागले, "आता किनाऱ्यावरचे, कडेचे सेल गायब होताहेत." मी हसण्यावारी नेलं. त्याच सुमारास ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले होते आणि दाराला शिव्या देत होते. मी दोन्ही गोष्टी जोडून बघायला हव्या होत्या. नाही बघितल्या, आणि ते मला अजून खातं.

या उन्हाळ्यात त्यांची मुलगी शुभा नागपूरहून आली, चार दिवस राहिली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी मला बोलावलं. चेहरा मातीसारखा झालेला. टेबलावर दोन काचा होत्या.

"ही शुभीची. किनाऱ्यावर काहीच नाही. बिल्कुल माझ्यासारखं." त्यांनी काच माझ्याकडे सरकवली. "मी दिलं गं तिला हे. बापाने मला दिलं, मी तिला."

मी डोळा लावला. गोल पेशींनी काच भरून गेली होती. मग त्यांची काच लावली. तीही तशीच भरलेली.

"काका, दोन्ही भरलेल्या आहेत."

"किनाऱ्यापर्यंत?"

"अगदी किनाऱ्यापर्यंत."

काचबिंदू नजर कडांपासूनच खात येतो. कडा कुठे गायब होताहेत, हे त्यांना कळलं. मला वाटलं, आता कोसळतील. त्यांनी खुर्चीला पाठ टेकली, मोठा श्वास सोडला आणि चक्क हसले. "म्हणजे शुभीत काही नाही. माझीच नजर गेली. पक्कं ना?"

"शुभाताईंनी डोळे तपासून घ्यायलाच हवेत, काका. रक्तावरून कळत नाही. आणि तुम्हाला तर आजच—"

"माझं सोड. तिला फोन लाव."

मी लावून दिला आणि त्यांच्या उजवीकडे खिडकीपाशी उभी राहिले.

"शुभी, डोळ्यांचा दाब तपासून घे. याच आठवड्यात. नाही गं, माझं काय? एकदम फर्स्ट क्लास. सगळं दिसतंय." मी बोलू नये म्हणून त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला खूण केली.

खूण त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीला केली होती.