तीन गावं आणि एक टेम्पो

आमच्या जिल्ह्यात माणसं किती, हे मला विचारा. मी जिल्हा कचेरीत हेडक्लार्क आहे. जिल्हा कसला, डोंगरात सांडलेली चिमूटभर गावं, आणि त्यातल्या निम्म्या दारांना कुलपं! राजधानीतून एक साहेब वस्ती बघायला येणार असं कळलं, तेव्हा कचेरीत सगळ्यांचे चेहरे उतरले. माणसं कमी म्हणून आपला जिल्हा मोडणार, शेजारच्या जिल्ह्यात ढकलणार, आणि साध्या दाखल्यासाठी लोकांना घाट उतरावा लागणार, अशी कुजबुज होती.

"काळजी सोडा," मी म्हणालो. "माणसं मी दाखवतो."

साहेब तीन गावं बघणार होते. कचेरीच्या गावातली हाताला लागतील ती माणसं मी टेम्पोत भरली. साहेबांची जीप मोठ्या रस्त्यानं रमतगमत येणार, टेम्पो आडवाटेनं आधी पोचणार. सासरे बोलावलं नसताना चढून बसले.

"मामा, तोंड उघडायचं नाही," मी बजावलं.

"जावईबापू, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पहिल्या गावात चौक असा फुलला, की मलाच भरून आलं. दुसऱ्या गावात टेम्पोतल्याच न्हाव्यानं झाडाखाली खुर्ची मांडली होती. खुर्चीत मामा, तोंडभर फेस. साहेब त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. फेस असल्यामुळे धकलं, असं मी समजलो.

तिसऱ्या गावात साहेब जीपमधून कण्हत उतरले. गर्दीतून मामा पुढे आले. कानामागे फेस तसाच.

"गुडघा अजून दुखतोय का साहेब? सकाळी सांगितलं ना, गरम पाण्यानं शेका."

"सकाळी तुम्ही पहिल्या गावात होता," साहेब म्हणाले.

"तिथूनच तर आलो. आमचा टेम्पो तुमच्या जीपला ऐकत नाही."

टेम्पोतली सगळी मंडळी एकदम जमीन न्याहाळू लागली. साहेबांनी मला बाजूला घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"फिरता दवाखाना द्यायचाय," ते म्हणाले. "जिथं माणसं थोडी आणि लांब लांब राहतात, तिथं आधी. तुमच्याकडे तर पाय ठेवायला जागा नाही. मग दुसऱ्या जिल्ह्याला देऊन टाकू?"

दवाखाना माझ्या शहाणपणापायी गेला असता, तर गावात तोंड कुठं दाखवणार होतो? सगळ्यांसमोर सांगून टाकलं. टेम्पो माझा, अक्कलही माझीच. मामा तेवढ्यात म्हणाले, "मी आधीच सांगत होतो." त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

"चला," साहेब म्हणाले. "आता खरी गावं दाखवा."

पहिल्या गावात परतलो. चौकात एक कुत्रं झोपलेलं. चढावरच्या शेवटच्या घरात चौकट धरून एक आजी उभ्या होत्या. अंगावर घडीचं लुगडं, पायाला जुनेराची पट्टी.

"सकाळी केवढी माणसं आली होती," त्या म्हणाल्या. "वाटलं, कुणीतरी आपल्याकडचं असेल. लुगडं बदलून बसले. वरपर्यंत कुणी आलंच नाही."

साहेब दुखऱ्या गुडघ्यानिशी उंबऱ्यावर बसले आणि पायाचं विचारू लागले. जखम जुनी होती, चिघळलेली. घाट उतरवत नाही, म्हणून त्या तशाच बसून होत्या. मला हे ठाऊक नव्हतं. त्या गावात माझं येणंजाणं होतं, पण चढ लागतो म्हणून मी चौकातूनच परत फिरायचो.

दवाखाना मिळाला. ज्यांना चालवत नाही त्यांना हात धरून गाडीपर्यंत आणायचं काम आमच्या कचेरीच्या मोठ्या साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं, ते योग्यच केलं. आजींचा पाय आता भरत आलाय. मी धापा टाकत चढ चढून गेलो, की त्या आधी माझ्या पाठीमागे वाकून बघतात.

"आज किती माणसं आणलीत?"

"एकटाच आलोय आजी," मी म्हणतो, आणि चपला काढायला उगाचच खूप वेळ लावतो.