ढब्बूने बदललेली बॅटरी

‘मी सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’ या ओळीपुढच्या चौकोनावर तिने बोट टेकवलं, तेव्हा डाव्या मांडीवर आठ महिन्यांचा ढब्बू पेंगत होता आणि उजव्या हातातला फोन घामाने निसटत होता. अटी तिने खरोखरच वाचल्या होत्या. सगळ्या. सतराच्या सतरा पानं. बाळाच्या तापाच्या औषधावरचा कागदही ती छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायची, मग ही तर गाडी होती.

विजेवरची ही गाडी नवऱ्याने दोन महिन्यांपूर्वी नोंदवली होती. मोठ्या बॅटरीची, निळ्या रंगाची. येत्या शनिवारी ती दारात येणार होती आणि बॅटरी बदलून घ्यायची मुदत आज दुपारी संपत होती. मोठी बॅटरी एका चार्जिंगमध्ये चारशे ऐंशी किलोमीटर जाते, हे नवऱ्याने शेजाऱ्यांपासून दाढ उपटणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. दाढेच्या वेळी तर तोंडात कापूस असताना. त्यात ते सासूबाईंच्याही कानावर गेलं.

“चारशे ऐंशी? आणि थोरल्याचं घर चारशे तीसवर!” सासूबाईंनी टाळी वाजवली होती. “म्हणजे वाटेत कुठे थांबायला नको. गाडी आली की निघायचं. चांगले पंधरा दिवस राहून येऊ.”

थोरल्या जाऊबाई स्वभावाने फार प्रेमळ होत्या, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. त्यांना झोपलेलं बाळ बघवत नसे. “अगंबाई, किती गोड झोपलंय!” असं म्हणत त्या त्याला उचलून छातीशी धरत, आणि ते रडायला लागलं की “उठलं वाटतं” म्हणून आईच्या हातात देत. मागच्या वेळी त्या चार दिवस राहून गेल्या. ढब्बू तेवढ्यात अकरा वेळा उठवला गेला. तिने वहीत लिहून ठेवलं होतं. ती विस्कटलेली झोप रुळावर आणायला पुढे दीड महिना गेला. आत्ता कुठे तो सकाळी सव्वाअकराला आणि संध्याकाळी सातला न कुरकुरता झोपायला लागला होता. पंधरा दिवस काकूच्या घरी म्हणजे सगळं मुसळ केरात.

लहान बॅटरी दोनशे नव्वदच किलोमीटर जात होती. आणि त्या रस्त्यावरचं पहिलं चार्जिंग स्टेशन तीनशे दहावर होतं. तिने नकाशा मोठा करकरून पाहिलं होतं. वीस किलोमीटर कमी पडत होते. असे देवासारखे धावून आलेले वीस किलोमीटर तिने आयुष्यात पाहिले नव्हते.

तिने बटण दाबलं.

“अभिनंदन!” शेजारच्या खोलीतून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला.

आलेला प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचायचा, ही सासऱ्यांची निवृत्तीनंतरची सवय. आणि ऑफिसात आपला फोन बंद असतो म्हणून नवऱ्याने नोंदणीच्या अर्जावर त्यांचाही नंबर दिला होता, हे तिला आत्ता आठवत होतं.

“आपल्या विनंतीनुसार मोठ्या बॅटरीऐवजी लहान बॅटरी... अगं, आपण कधी विनंती केली?”

“फसवाफसवीचा मेसेज असेल, बाबा!” ती एका दमात बोलून गेली. “हल्ली फार येतात. कशालाही हात लावू नका!”

बोलून झाल्यावर तिला कळलं, की याहून वाईट वाक्य शोधून सापडलं नसतं. गेल्याच आठवड्यात सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात फोनवरच्या चोऱ्यांबद्दल व्याख्यान ऐकून आले होते. तेव्हापासून ते चोराची वाटच बघत होते.

“पहिली दहा मिनिटं महत्त्वाची!” ते पायात चपला सरकवत ओरडले. जायचं कुठेच नव्हतं, पण चपलांशिवाय त्यांना फोनवर जोर येत नसे. “आधी बँक! मग शोरूम! कोणी घाबरू नका!”

“अहो बाबा, ऐका तरी...”

“तू बाळाकडे बघ. तू घाबरलीयेस. तुझा चेहरा बघ कसा झालाय!”

चेहरा खरंच तसा झाला होता.

अर्ध्या तासाने नवऱ्याचा फोन आला. मागे हॉर्नचा गदारोळ चालला होता.

“अगं, माझं कार्ड बंद का पडलंय? स्कूटरमध्ये पेट्रोल भरून झालंय, मागे नऊ गाड्या उभ्या आहेत आणि पंपवाला माझ्या घड्याळाकडे बघतोय!”

“बाबांनी बंद केलं,” ती पुटपुटली. “आपली बॅटरी चोरीला गेली म्हणून.”

“बॅटरी? गाडी यायच्या आधी?”

तिने ढब्बूला खोकला आल्याचं सांगून फोन ठेवला. ढब्बू खुशाल अंगठा चोखत होता.

संध्याकाळी सहा वाजता नवरा ऑफिसातल्या मित्राकडून उसने पैसे घेऊन घरी पोचला, तर दिवाणखान्यात शोरूमचे मॅनेजर हजर. टक्कल पडलेले, मवाळ बोलणारे गृहस्थ. सासऱ्यांनी त्यांना दिवसभरात सहा फोन केले होते. सातवा टाळण्यासाठी ते स्वतःच लॅपटॉप घेऊन आले होते.

“हे बघा साहेब,” त्यांनी चष्मा वर केला. “बदल सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी झाला. आणि झालाय तो याच घरातल्या वायफायवरून.”

सगळे लॅपटॉपवर वाकले.

“म्हणजे चोर घरात होता?” सासऱ्यांनी आवाज खाली आणला. मग उठून त्यांनी पडद्यामागे पाहिलं. घटना घडून सात तास झाले होते, तरी पाहिलं.

“काहीतरीच तुमचं!” सासूबाई म्हणाल्या. “अकरा वाजता घरात मी, तुम्ही, सूनबाई आणि ढब्बू. मी कपडे वाळत घालत होते. तुम्ही पेपर वाचत होतात. राहता राहिली...”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. आता सांगून टाकावं. जे होईल ते होईल.

“आई, ते ना... मी...”

“थांब!” सासूबाईंनी हात वर केला. त्यांची नजर तिच्या मांडीवर होती. तिथे ढब्बू तिचा फोन दोन्ही हातांनी धरून त्याचा कोपरा चोखत होता आणि मध्येच काचेवर अंगठा दाबत होता. “हे बघा! हे बघा! यानेच दाबलं!”

ती गप्प बसली. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं.

“पण आजी, पासवर्ड टाकावा लागतो,” मॅनेजर म्हणाले.

“काय आहे रे पासवर्ड?” सासऱ्यांनी मुलाला विचारलं.

नवऱ्याने छताकडे पाहिलं. “एक. सहा वेळा एक.”

“मग तेवढं त्याला येतं की!” सासूबाईंचा चेहरा उजळला. “दिवसभर एकाच जागी बोट मारत असतो.”

“असेल,” मॅनेजर हळूच म्हणाले, “पण अटींचं पान बावीस मिनिटं उघडं होतं. शेवटच्या ओळीपर्यंत गेलंय. माझ्या नोकरीत अटी पूर्ण वाचणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.”

“वाचनाची आवड आईकडून घेतलीय,” सासूबाई अभिमानाने म्हणाल्या आणि त्यांनी नातवावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली.

बदल आता मागे घेता येणार नाही, लहान बॅटरीची गाडी पुढच्या महिन्यात मिळेल, एवढं सांगून मॅनेजर गेले. जाताना त्यांनी ढब्बूशी हात मिळवला.

ती स्वयंपाकघरात बाळाची बाटली धूत होती, तेव्हा नवरा मागे येऊन उभा राहिला.

“काय गं, सतराव्या पानावर काय आहे?”

“बॅटरीची आठ वर्षांची हमी, पण पुराचं पाणी शिरलं तर...” ती थांबली. जीभ चावायला उशीर झाला होता.

तो आवाज न करता हसला. “बरं केलंस. पंधरा दिवस दादाकडून हिशेबाने कसं जगावं ते ऐकायचं माझ्याही जिवावर आलं होतं. बाहेर बोलू नकोस.”

दिवसभरात पहिल्यांदाच तिचा श्वास जागेवर आला. सातला तिने ढब्बूला पाळण्यात ठेवलं. सात वाजून पाच मिनिटांनी तो झोपला. शहाण्यासारखा.

बाहेर सासूबाईंनी थोरल्या सुनेला फोन लावला होता. स्पीकरवर. त्यांना दुसऱ्या कशावर ऐकूच येत नसे.

“अगं, आमचं यायचं काही जमत नाही बघ. आमच्या ढब्बूने काय पराक्रम केलाय...”

“थांबा आई, आधी माझं ऐका!” जाऊबाईंचा आवाज घरभर घुमला. “आम्ही पण तीच गाडी नोंदवलीय! तुम्हाला चकित करायचं म्हणून बोललो नव्हतो. सहा महिने लागतील म्हणत होते, आणि आज दुपारी फोन आला, तयार आहे म्हणून! मोठी बॅटरी, निळा रंग! आज सकाळी अकराच्या सुमाराला कोण्या येड्याने सोडून दिली म्हणे!”

ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. नवऱ्याने हातातला कप एका घोटात रिकामा केला.

“निळी?” सासूबाई थबकल्या. “अकराला? अगं, तो येडा म्हणजे आमचा ढब्बू!”

मग सगळी हकिगत झाली. पासवर्ड झाला, बावीस मिनिटं झाली, वाचनाची आवड झाली. पलीकडून जाऊबाईंची एक किंकाळी आली.

“म्हणजे माझ्या राजाने स्वतःच्या हाताने काकूला गाडी पाठवली! इतकी ओढ! आता तुम्ही येऊच नका, आम्हीच येतो. शनिवारी गाडी मिळतेय, रविवारी निघतो, मध्ये कुठे थांबणार नाही. महिनाभर राहीन म्हणते, मुलांच्या शाळेला सुट्टीच आहे. महिनाभर त्याला खाली म्हणून ठेवणार नाही!”

“ये गं, ये!” सासूबाईंनी डोळे पुसले.

“महिना?” तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो रिकाम्या कपात चहा शोधत होता.

“कुठाय तो लबाड?”

“झोपलाय गं.”

“झोपलाय? अगंबाई! किती गोड दिसत असेल! आई, फोन जरा त्याच्या कानाशी न्या ना!”

“आई, नको!” ती धावली. पण सासूबाई आधीच पाळण्यापाशी पोचल्या होत्या.

“ढब्बूऽऽ!”

पाळण्यातून जो टाहो फुटला, तो ऐकून सासरे पुन्हा चपला शोधायला लागले. आणि फोनमधून जाऊबाईंचा भरून आलेला आवाज आला, “ओळखलं गं बाई, काकूला ओळखलं!”