टिटवाळ्याहून सुटलेला मामा

"कुंडलिक, आहेस तसा स्टेशनला धाव!"

रविवारी सकाळी साडेअकराला मायाताईचा डोंबिवलीहून फोन आला, तेव्हा कुंडलिक भालेराव टिटवाळ्याच्या आपल्या घरात बल्ब बदलत होता. डोक्यावर हेल्मेट, हातात रबरी मोजे, आणि अख्ख्या घराचा मेन स्विच बंद. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो एकवीस वर्षं सेफ्टी सुपरवायझर होता. इतरांना धोके दाखवता दाखवता त्याला स्वतःला सगळीकडे धोकेच दिसायला लागले होते. लिफ्ट अडकेल म्हणून तो पाच मजले चालत चढायचा. मासा खाताना तो एकदम गप्प बसायचा, शेजारच्यालाही बोलू द्यायचा नाही.

"काय झालं ताई?"

"सुमित! मालगाडीवर चढून इगतपुरीला चाललाय. मोबाइलवर स्टेटस टाकलंय, 'भारतातलं पहिलं फ्रेट हॉपिंग, आज टिटवाळ्यापासून.' खाली लिहिलंय, घरच्यांना सांगू नका. आणि मलाच दिसतंय ते!"

"कशावर चढून?"

"मालगाडी रे, मालगाडी! परदेशात म्हणे पोरं अशीच फुकट देश हिंडतात. ॲडव्हेंचर म्हणतात त्याला. मी इथून निघेपर्यंत तो कसारा ओलांडेल. तू पाच मिनिटांवर आहेस. कॉलर धरून खाली उतरव त्याला."

सुमित बावीस वर्षांचा, बहिणीचा एकुलता एक मुलगा. बाप गेल्यावर त्याला सायकल शिकवायची जबाबदारी मामावर आली होती. मामाने पहिल्या दिवशी फक्त ब्रेक शिकवले होते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्रेकच. आता तेच पोरगं मालगाडीवर चढलं होतं. कुंडलिकने हेल्मेट काढलं, चपला घातल्या आणि फोन टेबलावर तसाच ठेवून तो धावत सुटला.

स्टेशनच्या पुढे, बाजूच्या रुळावर एक लांबलचक मालगाडी उभी होती. तिच्यावर कंटेनरांची रांग होती, आणि मध्येच एक डबा, म्हणजे वाघीण, रिकामी, नुसती सपाट. ना भिंती, ना कठडा. तिच्या मधोमध सुमित मांडी घालून बसला होता. समोर तीन पायांच्या छोट्या स्टँडवर मोबाइल लावलेला, आणि त्याच्याकडे बघून साहेबांचं भाषण चाललेलं.

"तर मित्रांनो, डर के आगे..." इतक्यात त्याला मामा दिसला. "अरे यार. मामा, तुम्ही इथे कसे?"

"खाली ये."

"मामा, टेन्शन नका घेऊ. फक्त इगतपुरीपर्यंत. संध्याकाळी घरी."

"सुमित, वर पंचवीस हजार व्होल्टची वायर आहे. खाली चाकं आहेत. मध्ये तू आहेस. खाली ये."

"वायर केवढी वर आहे! मी काय उभा राहणारेय का?"

"तुझी आई रडतेय."

"ती सीरियल बघूनपण रडते."

कुंडलिकने आवाज चढवून पाहिला, मग हात जोडून पाहिले. शेवटी त्याला ताईचे शब्द आठवले. कॉलर धरायची, तर कॉलरपर्यंत पोचायला हवं. त्याने दोन्ही बाजूंना पाहिलं, पुन्हा पाहिलं, मनातल्या मनात आपलाच एक अपघात अहवाल लिहून टाकला, आणि पायरीवर पाय ठेवून, पोटावर सरपटत तो वाघिणीवर चढला. कारखान्यात एखाद्या कामगाराने हे केलं असतं, तर त्याने त्याला आठवडाभर घरी बसवलं असतं.

तो गुडघ्यांवर रांगत पुढे गेला. कॉलरला बोटं लागली, आणि दूर पुढे कुठेतरी धडाड्‌ असा आवाज झाला. मग आणखी एक, आणखी जवळ. डब्यामागून डब्याला हिसका बसत आला आणि त्यांच्या खालची वाघीण गचकन पुढे सरकली.

सुमितचा चेहरा पांढराफटक पडला.

"मामा, चालू झाली! खरंच चालू झाली!" असं ओरडून भारताच्या पहिल्या फ्रेट हॉपरने बॅग टाकली, मोबाइल टाकला, मामाला टाकलं, आणि खडीत उडी मारली. गाडी जेमतेम माणसाच्या चालीने सरकत होती. तो गुडघ्यावर पडला, उठला आणि लंगडत बरोबरीने धावू लागला.

"मामा, उडी मारा! अजून स्लो आहे!"

कुंडलिकने खाली पाहिलं. खडी मागे सरकत होती. चालत्या वाहनातून उडी मारू नये, हा त्याच्या भाषणातला चौथा मुद्दा होता, आणि गेल्या एकवीस वर्षांत तो त्याने हजारएक माणसांना पाठ करायला लावला होता.

"चालत्या... वाहनातून..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तोवर सुमित मागे पडला होता. मग तो ठिपक्याएवढा झाला, आणि मग दिसेनासा झाला.

वाघिणीच्या कडेला कंटेनर अडकवायचा एक लोखंडी खुंटा होता. कुंडलिक पालथा पडला आणि त्याने त्या खुंट्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. गाडीने वेग धरला. वाघिणीचा प्रत्येक सांधा खडखडत होता आणि त्याचे दात त्याच तालात वाजत होते. मालगाडीच्या डब्याला वाघीण का म्हणतात, हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं.

खडवली स्टेशन आलं. फलाटावरच्या एका बाईने त्याला पाहून पिशवी खाली ठेवली. "वाचवा!" तो ओरडला. तिने हात हलवून टाटा केला. पुढे भातसा नदीवरचा पूल लागला, आणि फळीच्या फटीतून थेट खाली पाणी दिसलं. कुंडलिकने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांपुढे पाणी आणखी खोल दिसायला लागलं, म्हणून त्याने ते पुन्हा उघडले.

डोळे उघडल्यावर त्याला समोर मोबाइल दिसला. स्टँडचे पाय लोखंडाच्या खाचेत पक्के रुतले होते, त्यामुळे तो पडला नव्हता. हात सोडून तिथपर्यंत जायची त्याची प्राज्ञा नव्हती. पण पडद्यावर त्याला स्वतःचंच रूप दिसत होतं. केस उभे, तोंड उघडं, खुंट्याला चिकटलेला एक माणूस. त्याच्या चेहऱ्यावरून छोटे छोटे लाल ठिपके वर तरंगत जात होते. फोन तापला असावा, असं त्याला वाटलं. म्हणजे आता स्फोटाचीही भीती.

'पण हे रेकॉर्ड होतंय,' त्याच्या मनात आलं. 'मी नाही सापडलो, तरी फोन सापडेल.' आणि त्याने निरोप सांगायला घेतला.

"ताई," तो वाऱ्यावर ओरडला, "मी कुंडलिक! कुंडलिक भालेराव! सुमित सुखरूप आहे. मारू नको त्याला. पोरगं घाबरट आहे, माझ्यावर गेलंय. आता त्याला सायकल शिकवून घे कुणाकडून तरी!" वासिंद मागे गेलं. "आणि ताई, आठवीत तुझी सायकल चोरीला गेली नव्हती. मीच ती उतारावरून हातात धरून नेत होतो. तिचा वेग वाढला, मी घाबरलो आणि सोडून दिली. नाल्यात आहे ती. पाटील सरांवर उगाच संशय घेतलास तू!"

एकदा बोलायला लागल्यावर त्याला थांबता येईना. आसनगावला त्याने शेजाऱ्यांची माफी मागितली, त्यांच्या दिवाळीच्या फटाक्यांवर बादलीभर पाणी आपणच ओतलं होतं म्हणून. आटगावला त्याने कारखान्यातल्या समस्त कामगारांना उद्देशून सांगितलं, "मी तुम्हाला म्हणायचो ना, घाबरणं म्हणजेच सावध राहणं? तसं नाहीये रे. मी नुसताच घाबरायचो!" हे म्हणून झाल्यावर मात्र त्याला रडू कोसळलं. पुढे कसारा, कसाऱ्यानंतर घाट, घाटात बोगदे. अंधारात, एकटा, वाघिणीवर. त्याने सुमितची बॅग पायानेच ओढून घेतली, तिच्यात तोंड खुपसलं आणि लहानपणी आईने शिकवलेली वंदना पुटपुटायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीनंतर त्याला पुन्हा पहिलीच ओळ आठवत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. खडखडाट मंदावला, डब्यांना उलटे हिसके बसत गेले आणि गाडी थांबली. घाट चढायला मागून जादा इंजिनं लावायची म्हणून ती कसाऱ्याला थांबली होती. कुंडलिकने बॅगेतून तोंड वर काढलं. खाली रेल्वे पोलिसांच्या एक मॅडम आणि दोन जवान उभे होते. मॅडमच्या छातीवरच्या पट्टीवर 'योगिनी' असं नाव होतं.

"कुंडलिक भालेराव?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हाला माझं नाव कसं कळलं?"

"तुम्हीच सांगितलंत, खडवलीच्या पुढे. सायकलचं सांगताना." मॅडमनी आपला मोबाइल वळवून दाखवला. त्यात एक माणूस बॅगेतून तोंड वर काढत होता. "लाइव्ह चालू आहे अजून. नऊ हजार लोक बघतायत तुम्हाला. खुंटा सोडा आता, गाडी थांबलीय."

त्याची बोटं एकेक करून जवानांनी सोडवली.

पोलीस ठाण्याच्या बाकावर त्याला चहा दिला, तेव्हा अर्धा बशीत आणि अर्धा मांडीवर सांडला. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी भाच्याला उतरवायला चढलो होतो."

"व्हिडिओत भाचा उतरलेला दिसतोय," मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्ही बसलेले. या वयात हे शोभतं का? पोरं बघून शिकतात. खाली लिहितायत बघा, 'काका रॉक्स'."

तासा-दीड तासाने मायाताई आली. मागे गुडघ्याला रुमाल बांधलेला सुमित, मान खाली घालून लंगडत. ताईने आधी भावाला घट्ट मिठी मारली, मग दंडावर चापट दिली.

"मी हेल्पलाइनला फोन केला," ती मॅडमना सांगू लागली, "तर ते विचारतात, प्रवाशाचा पीएनआर सांगा. मी म्हटलं, अहो मालगाडीवर आहे माझा भाऊ. तर म्हणे, मग पार्सल नंबर सांगा! शेवटी व्हिडिओ बघणाऱ्या कुणीतरी पोलिसांना कळवलं म्हणून बरं. कुंडलिक, अरे मी तुला कशाला पाठवलेलं आणि तू कुठे निघून गेलास?"

"ताई, मी काय मुद्दाम..."

"गप्प बस. आयुष्यभर पाटील सरांना मी चोर समजले."

दोघांवरही रीतसर नोंद झाली. पुढच्या तारखेला दोघांनाही कल्याणला कोर्टात हजर व्हायचं होतं. सुमितला आई घरी घेऊन जाणार, त्याचा प्रश्न मिटला. मॅडमनी दुसरा कागद पुढे ओढला आणि कुंडलिककडे नजर टाकली.

"हे टिटवाळ्याला एकटेच राहतात ना? रुळापासून पाच मिनिटांवर. पुन्हा असं होणार नाही म्हणून घरातल्या कुणीतरी लिहून द्या. सज्ञान माणूस हवा."

ताईने सुमितला कोपराने ढोसलं. सुमितने पेन घेतलं, जीभ ओठात धरली आणि सावकाश लिहिलं, 'मी, सुमित, लिहून देतो की, माझे मामा यापुढे कोणत्याही मालगाडीवर चढणार नाहीत. मी त्यांच्यावर लक्ष ठेवीन.' खाली त्याने लफ्फेदार सही केली.

कुंडलिकने कागद दोनदा वाचला. त्याला बोलायचं बरंच होतं, पण ताई बघत होती. त्याने खाली, 'मान्य' असं लिहून अंगठ्याएवढी सही केली.

बाहेर पडताना ठाण्याच्या तीन पायऱ्या होत्या. सुमित पहिल्या पायरीवरच थांबला. त्याने मामाचा दंड धरला आणि तो मोठ्या माणसाच्या गंभीर आवाजात म्हणाला,

"जपून हां मामा. घाई नका करू."