पांढऱ्या साडीतला शिकारी

आमच्या शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जानेवारीत बर्फ पडतो, साचतो, काळा होतो. पण चालत नाही. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा बर्फाचा ढीग उठून माझ्याच दिशेने चालू लागलेला पाहिला, तेव्हा हातातली चहाची गाळणी सिंकमध्ये पडली. "अहो, इकडे या आधी!" मी ओरडले. 'हे' आले नाहीत. शनिवारी सकाळी दाराशी आगीचा बंब आला तरी ह्यांना जाग येत नाही. आली ती आमची प्रज्ञा. हायस्कूलला जाते, कशालाही घाबरत नाही, आणि ती माझ्याहून मोठ्याने किंचाळली.

बर्फाला पाय होते. बुटांवरून पांढरे मोजे चढवले होते. अंगात पांढरा, घोळदार, घोट्यापर्यंतचा झगा. आणि डोक्यावर उशीचा अभ्रा! अभ्र्याचं टोक वर ताठ उभं आणि डोळ्यांच्या जागी कापलेली दोन भोकं.

"मॉम, डू समथिंग! ही कान्ट गो आउट लाइक दॅट!"

अभ्र्याच्या आतून आवाज आला, "वहिनी, नीळ आहे का थोडी? घरची संपली."

अगंबाई! हे तर रामटेके भाऊजी!

प्रज्ञाने त्यांना दारातच ऐकवलं, की असल्या पांढऱ्या टोकदार टोप्या घालून या देशात कोण फिरायचं आणि काळ्या लोकांची घरं कोण जाळायचं. भाऊजींनी आत विंचू असल्यासारखा तो अभ्रा उपटून काढला. "अरे बाप्पा! अरे बाप्पा!" करत पायरीवर, बर्फातच बसले. गंमत म्हणजे या विषयावरची जेवढी पुस्तकं भाऊजींनी वाचली असतील तेवढी आमच्या गावच्या लायब्ररीतही नसतील. ऑफिसात ह्याच विषयावरून एका गोऱ्या साहेबाशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालेलं. फक्त आरशात बघायचं राहून गेलं होतं.

"टोपी आजच केली, कोणी पाहिलं तर नसेल ना?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"आम्ही पाहिलं, पुरे झालं. पण हे सोंग कशाला?"

"शिकारीला चाललो. हा तिसरा शनिवार."

मी दाराची चौकट धरली.

तुम्हाला म्हणून सांगते, रामटेके भाऊजी म्हणजे काय प्रकार आहे ते कळल्याशिवाय माझी अवस्था समजायची नाही. भाऊजी आमचे नागपूरचे. माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. इथे एका कंपनीत इंजिनिअर. यांच्या तळघरात उंदीर शिरला तर ते पीनट बटर लावून त्याला खोक्यात पकडतात, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवतात आणि जंगलात सोडून येतात. एकदा थंडी फार होती म्हणून खोक्यात जुना पायमोजा घातला होता. आमची दहा-बारा बौद्ध कुटुंबं महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या घरी वंदनेला जमतात. पंचशील भाऊजीच म्हणून घेतात. आवाज असा भरदार, की 'पाणातिपाता वेरमणी' म्हटलं, की कोणाचाही जीव घेणार नाही असं खरंच वाटायला लागतं. मग आम्ही घरी जाऊन मटण खातो तो भाग वेगळा. पण मटण पाकिटातून येतं. बंदूक घेऊन शेतात जाणं म्हणजे काय!

दुसरा प्रकार म्हणजे त्यांची काटकसर. पैसा नाही असं नाही, पण विकत घेणं हा त्यांना स्वतःचा पराभव वाटतो. काहीही घ्यायचं म्हटलं, की बोट वर करून, "दुकानात काय आहे ते मत बताव. घरात काय आहे ते बोला!" हे नागपुरी हिंदी-मराठी वाक्य त्यांनी एकदा दारावर आलेल्या सेल्समनलाही ऐकवलं होतं. गॅरेजच्या खिडकीला शॉवरचा पडदा, बर्फ उपसायच्या फावड्याला क्रिकेटच्या बॅटची मूठ. आमचे हे म्हणतात, रामटेके चंद्रावर गेला तर पोह्यांच्या डब्यातून जाईल.

आणि शिकारीचं खूळ शिरलं ते शेजाऱ्यामुळे. भाऊजींच्या बाजूला अर्ल नावाचा म्हातारा राहतो. धिप्पाड, रिटायर झालेला, दिवसाकाठी चार शब्द बोलेल तर शपथ. सुरुवातीला तो भाऊजींना 'राम' म्हणायचा. भाऊजींनी त्याला अर्धा तास उभं करून समजावलं, की आम्ही राम मानत नाही, हवं तर 'टेके' म्हण. तेव्हापासून तो 'टेके' म्हणतो. दिवाळीच्या सुमारास त्याची बायको वारली. मग बर्फ पडल्यावर दर शनिवारी तो बंदूक घेऊन एका ओळखीच्याच्या मक्याच्या शेतात रानबदकं मारायला जाऊ लागला, आणि आमचे भाऊजी त्याच्या मागे!

बर्फात शिकारीला जायचं तर पांढरे कपडे लागतात. आकाशातून बदकाची नजर फार तीक्ष्ण. दुकानात त्याचे खास सूट मिळतात. भाऊजी बघून आले, किमतीची चिठ्ठी वाचली, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे: घरात काय आहे ते बोला!

घरात जे होतं ते मला त्याच दिवशी पायरीवर दिसलं. भाऊजी उठताना झग्याची आतली बाजू उलटली आणि आत दुमडून शिवलेला निळा काठ दिसला. सुमनताईंची साडी! वंदनेला नेसायच्या ती पांढरी साडी. सुमनताई म्हणजे भाऊजींची बायको. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेल्या. मूल-बाळ नाही. त्या माउलीची वंदनेची साडी नेसून, म्हणजे घालून, हा माणूस जीव मारायला निघाला होता!

नीळ तेवढी दिली. का दिली, आजही माहीत नाही.

ही बातमी मी कोणाला सांगितली नाही. फक्त कांबळेवहिनींना सांगितली. संध्याकाळपर्यंत शिकागोच्या पलीकडच्या टोकाला राहणाऱ्यांचे फोन यायला लागले. "पंचशील सांगणार आणि बंदूक धरणार? आमच्या पोरांनी काय शिकायचं?" कांबळे भाऊजी तर तापलेच. शेवटी ठरलं, की यापुढे वंदना कांबळ्यांकडे. रामटेक्यांनी हवं तर यावं, पण पुढे बसू नये. आणि हे त्यांना सांगायचं कोणी? तर 'तुमच्या माहेरचे ना ते', म्हणून मी!

पुढच्या शनिवारी दुपारी गेले. मनात भाषण तयार होतं. साडीवरूनच सुरुवात करणार होते.

भाऊजी तळघरात होते. बादलीत निळंशार पाणी आणि त्यात तो झगा बुचकळणं चाललेलं.

"आज किती मारले?" मी जिन्यावरूनच तोफ डागली.

"एकही नाही."

"आणि आजपर्यंत?"

"एकही नाही, वहिनी." आणि चक्क हसले. "या निळीची कृपा. आपल्याला वाटते नीळ घातली का कपडा पांढरा. पण बर्फात बसलं ना, का लांबून निळाच दिसते! पहिल्या दिवशी बदकं आली अन् वरच्या वरच वळून गेली. अर्ल म्हणे, टेके, यू आर ब्लू! साबण बदल. मी म्हटलं, हो हो, बदलतो." त्यांनी बादलीत आणखी थोडी नीळ टाकली. "पहिल्यांदा चुकून झालं. आता मुद्दाम करतो."

मी शेवटच्या पायरीवर बसले. भाषणाचा निम्मा भाग तिथेच वाया गेला.

"मारायचं नाही, तर थंडीत मरायला जाता काहून?"

भाऊजींनी हात पुसले.

"बायको गेल्यावर अर्लनं कुत्रा देऊन टाकला. मग अवजारांची पेटी मला आणून दिली. चांगली, जपून वापरलेली. मग तिच्या चहाच्या कपबशा. म्हणे, मला काय लागते आता. अन् एका शनिवारी पाहतो तर बंदूक घेऊन एकटाच निघाला. मी म्हटलं, मीही येतो. तो म्हणे, तुझ्याकडे पांढरे कपडे नाहीत, तू नाही येऊ शकत. त्याला मी सोबत नकोच होतो, वहिनी. मग पुढच्या शुक्रवारी रात्रीतून शिवला हा. सकाळी त्याच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. घरात तेवढा पांढरा कपडा एकच होता."

"पण म्हणून काय लगेच... माणूस वस्तू देतोच, भाऊजी. म्हातारपणी कोणाला पसारा नको असतो."

"तुमच्याकडे सुमनचा मिक्सर आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "आहे ना."

"कुकर कांबळ्यांकडे. शिलाई मशीन मात्र कोणी नेलं नाही, जड होतं म्हणून. ती गेली त्या महिन्यात मी सगळं वाटलं. तुम्ही म्हणालात, भाऊजींचं मन किती मोठं."

म्हटलं होतं मी. त्यांच्याच ओट्याशी उभं राहून. मिक्सर कागदात गुंडाळून घेताना.

तीन वर्षं मी त्यात चटण्या वाटत होते. दर रविवारी या माणसाला डबा देत होते, त्याच्या काटकसरीवर पोट धरून हसत होते, आणि ते सामान घरातून का निघालं होतं हे मला आज, या निळ्या बादलीसमोर कळत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. तेव्हाच, ज्यांच्याकडे आधी वंदना व्हायची त्या वासनिकांची दूर पार्सिपनीला बदली झाली अन् वंदना कुठं घ्यायची हा प्रश्न आला. तुम्ही सगळे म्हणालात, रामटेक्यांचं तळघर रिकामंच आहे." त्यांनी झगा पिळून दोरीवर टाकला, निळा काठ आत करून. "आता एवढी माणसं येणार म्हटल्यावर चहा करावा लागतो. चटया झटकाव्या लागतात. महिनाभर आधीपासून कामंच कामं. कोणाचं पोरगं आलं नाही तर फोन करावा लागतो. राहून गेलो मग मी."

झगा दोरीवर सारखा करत ते म्हणाले, "अर्लकडे कोण जमणार? म्हणून शनिवारी आम्ही दोघं जमतो. तो बोलत नाही, मीही बोलत नाही. दुपारी म्हणतो, नेक्स्ट सॅटर्डे, टेके? एवढं म्हणाला का माझा आठवडा चांगला जाते."

मग एकदम आठवण झाल्यासारखं वळून, "तुम्ही काही सांगायला आल्या होत्या ना? फोनवर म्हणालात, महत्त्वाचं आहे."

मला रडू कोसळलं. तोंडाला पदर लावला तरी आवाज फुटलाच. भाऊजी बिचारे गोंधळले, काय झालं, काय झालं करत पाणी आणायला धावले.

"हेच सांगायला आले होते," मी पाणी पिऊन म्हटलं, "की रविवारी सगळे येणार आहेत. यच्चयावत सगळे. दूध जास्त आणून ठेवा."

"कांबळे येणार का? ते रागावलेत म्हणे माझ्यावर."

"ते येणार आणि पहिल्या रांगेत बसणार. कसे येत नाहीत ते मी बघते! आणि तुमच्या अर्लला पण बोलवा."

भाऊजी विचारात पडले. "त्याचे गुडघे दुखतात. खाली नाही बसता येणार."

"खुर्ची ठेवू," मी म्हटलं, आणि दोघांनी मिळून वरून दिवाणखान्यातली जड खुर्ची तळघरात उतरवली.