ॲपल पाय संपला, रडू नका

व्हॅनेटा स्टाउट मंगळवारी गेली. कंपनीला ते शुक्रवारी कळलं, आणि कळल्याबरोबर कंपनीने तिची गैरहजेरीची नोटीस मागे घेतल्याचं पत्र धाडलं. सव्वीस वर्षांत ही तिची पहिलीच गैरहजेरी असल्याने असं पत्र लिहिण्याचा अनुभव नाही, चूकभूल माफ असावी, असंही त्यात नमूद होतं.

पत्र तिच्या नवऱ्याने वाचलं. मर्ल शाळेची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याने पत्राची घडी खिशात घातली आणि ती जिथे काम करायची त्या महामार्गावरच्या 'ट्विन कॉमेट डायनर' या खानावळीत गेला. त्याला एकच वस्तू हवी होती: काउंटरमागची पाटी.

या डायनरचा इतिहास थोडक्यात असा. स्थापना १९९३. दारावर मात्र 'सन १९५३ पासून'. १९५३ साली मालक जन्मला, आणि मालक म्हणजेच संस्था, असं मालकाचं प्रामाणिक मत होतं. चकचकीत पत्र्याच्या भिंती, लाल रेक्झिनची बाकं, नाणं टाकलं की वाजणारी गाण्यांची पेटी. सगळं नवं कोरं जुनं. सेवाशर्तींच्या चौथ्या कलमानुसार आवारात कायम १९५७ साल चालू असतं. उद्घाटनाच्या दिवशी ॲपल पाय अकरालाच संपला. तेव्हा पहिली वेट्रेस व्हॅनेटा हिने मर्लकडून घरच्या कपाटाचं एक दार काढून घेतलं आणि त्यावर लाल रंगाने लिहिलं: 'ॲपल पाय संपला. रडू नका.' लोक इतके हसले की दुसऱ्या दिवसापासून मालकाने ॲपल पाय मुद्दाम थोडेच करायला सांगितले. पुढे इंडियाना राज्यात त्रेसष्ट शाखा झाल्या आणि प्रत्येकीत ही पाटी लागली.

"टॅमी, तेवढी पाटी काढून दे," मर्ल मॅनेजरबाईंना म्हणाला. "कपाटाला दार लावायचंय. पाटीच्या मागे पेन्सिलीने व्हॅनेटाने लिहून ठेवलंय. 'मर्ल: कांदा नको. मीठ कमी. रागावला असेल तर दोन अंडी द्यावीत, बोलू नये.'"

टॅमीने डोळे पुसत पाटी उतरवली, उलटी केली. मागे कोरं लाकूड आणि 'नक्कल क्र. १७' अशी चिकटवलेली चिठ्ठी.

"राजा, ही ती नाहीच," टॅमी म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी सगळ्या पाट्या डागडुजीला नेल्या, तेव्हाच बदलली. व्हॅनेटाला ठाऊक होतं. म्हणाली, मर्लला सांगू नकोस, उगाच अंडी खर्ची पडतील. मी निवृत्त झाले की आम्ही दोघं शाखाशाखांतून फिरून शोधू."

मर्ल मुख्य कचेरीत गेला. वारसा विभागाचे प्रमुख प्रेस्टन लुडविग यांचं वय एकोणतीस.

"तुमची पाटी तपासणीत नापास झाली, मिस्टर स्टाउट."

"कशात?"

"जुनेपणात. तुमच्या मिसेस ती रोज पुसायच्या. आमच्या नकला बघा, कशा पोपडे येऊन झकास झाल्यात! आणि मूळ पाटी ठणठणीत. इतकी नवी दिसणारी जुनी वस्तू गिऱ्हाईक खपवून घेत नाही."

"मग काय केलंत?"

"काळ्या चहात भिजवली, साखळीने बडवली. आता अगदी अस्सल दिसते."

"आहे कुठे?"

लुडविगचा चेहरा अभिमानाने उजळला. "तेच तर! आम्हालाही ओळखता येत नाही."

मर्लने मालकीचा अर्ज केला. उत्तर विधी विभागाकडून आलं. कलम चारनुसार पाटी १९५७ सालची ठरते. त्या साली अर्जदाराची पत्नी आठ वर्षांची होती. आठ वर्षांच्या मुलीकडून वेट्रेसचं काम करून घेतल्याचं मान्य केल्यास कंपनीवर बालमजुरीचा खटला होऊ शकतो. सबब व्हॅनेटा स्टाउट इथे कधीही नव्हत्या. मेनूच्या पाठीवरचा इतिहास लगोलग दुरुस्त झाला. आता ती पाटी मालकाच्या आजीने वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात रंग कालवून लिहिली होती. पहिल्याच आठवड्यात चार गिऱ्हाइकं ते वाचून रडली. आजीच्या नावाने मिल्कशेक निघाला.

तरीही माणुसकी म्हणून मर्लला शाखाशाखांतून पाट्या उलटून बघायची परवानगी मिळाली. अट एकच: ग्राहक पाटीसमोर फोटो काढत नसतील तेव्हाच.

मर्ल स्क्रूड्रायव्हर घेऊन निघाला. प्रत्येक शाखेत एक कॉफी घ्यायची आणि वाट बघत बसायचं. कोकोमोच्या शाखेत तो इतका वेळ बसला की लोक त्याच्यासोबतही फोटो काढू लागले. लुडविगने त्याला 'अस्सल वृद्ध' या पदासाठी बोलावलं आणि त्याचीही तपासणी केली.

"नापास," लुडविग हळहळला. "कानातलं यंत्र १९५७ नंतरचं आहे. काढून ठेवाल?"

"काय म्हणालास?" मर्ल म्हणाला.

"तेच! तसंच बोला! सुंदर!"

मर्लने नोकरी घेतली नाही. तो मन्सी गावच्या शाखेत गेला, मग पेरू गावच्या, मग वॉबॅशच्या. घरी आला की स्वतःच दोन अंडी करायचा आणि कुणाशी बोलायचा नाही. तसंही बोलायला कुणी नव्हतं.

त्या रस्त्याने तुम्हीही गेला असाल. मेनूच्या पाठीवरची आजी वाचून तुम्हीही तिच्या नावाचा मिल्कशेक मागवला असेल. त्या पाटीसमोर तुम्ही चार फोटो काढलेत, पाचवा काढताना एक म्हातारा हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन मध्ये आला, आणि तुम्ही त्याला "आजोबा, जरा बाजूला व्हा, मागची पाटी दिसत नाहीये" म्हणालात. तो बाजूला झाला. तुमचे फोटो चांगले आले.

बेचाळीस पाट्या उलटून झाल्या आहेत. एकवीस राहिल्या आहेत. कपाटाला अजून दार नाही.